सगळ्यात लहान शेत

लिस्बनच्या बाहेर, जिथे हमरस्ता वळसा घेतो
आणि विजेच्या मनोऱ्यांखालची जमीन कुणाचीच नसते,
तिथे या रविवारी छोट्या शेतांचा मेळा होता.
टेप माझ्या हातात, वही माझ्या काखेत.
बक्षीस सगळ्यात लहान शेताला:
एक ढकलगाडी भरून घोड्याची लीद.

सकाळी खताची कार्यशाळा झाली.
दुआर्त नावाचा पोरगेलासा शेतीतज्ज्ञ
थर लावून दाखवत होता: वाळकं, ओलं, वाळकं,
आणि दर थरामागे एक छापील कागद वाटत होता.
झुल्मीराबाईंनी कागद घेतले, मान डोलावली,
आणि सगळ्यांदेखत फाडून ढिगावर टाकले.
“वाळकं,” त्या म्हणाल्या.
दुआर्त आधी लाल झाला, मग हसला,
मग उरलेला गठ्ठा त्यानंच फाडला.

जेवणं उरकून मोजायला निघालो.

ही बहुतेक माणसं केप वर्दच्या बेटांवरची.
तिकडे पावसाची वाट न बघता धुळीतच पेरतात,
एका खड्ड्यात मका, घेवडा आणि तूर.
उगवलं तर उगवलं, नाही तर पुन्हा.
इथे आठवडाभर पुलांचं लोखंड बांधतात,
परक्यांच्या फरशा पुसतात,
आणि रविवारी आपल्या मालकीचं नसलेलं
वीतभर काहीतरी खुरपत बसतात.

बस चालवणाऱ्या आर्लिंदूचं शेत अडीच पावलं.
“टेप ताणू नकोस,” तो म्हणाला,
“उगाच मोठं भरेल.”
फिलोमेनानं शपथेवर सांगितलं,
कोथिंबिरीचा कोपरा तिचा नाहीच, ती वाट आहे.
बांध शेजाऱ्याच्या रानात सरकवणारे खूप पाहिले,
स्वतःच्या रानात सरकवणारे
मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.
एका पोरानं बुटात लावलेला पुदिना आणला.
पंचांनी बूट बाद केला:
त्यात अजून पाय जातो.

मग तिबुर्सियूचा बाथटब.
पाडलेल्या कुठल्याशा घरातला, गुलाबी,
चारापैकी तीन पाय शाबूत, चौथ्याजागी वीट.
आत केलची सात रोपं.
पाऊस फार झाला की तो साखळी ओढून बूच काढतो,
आणि शेत आंघोळ संपल्यासारखं गुळगुळ करतं.
पंचांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही.
टाळ्या. कुणीतरी अकॉर्डियन काढला.
लिदीची गाडी वाफाळत आली.

त्या गडबडीत एदुविजेस कधी आली ते कळलं नाही.
तिचा वाफा होता तिथून मे महिन्यापासून गाड्या जातात.
स्पर्धेला नव्हतीच आली ती.
उसनी नेलेली कुदळ तेवढी परत करायची होती.
“धार लावून आणलीय,” म्हणाली,
आणि टबाला टेकवून ठेवली.

तिबुर्सियू त्या धारेकडे बघत राहिला.
मग काही न बोलता हात टबात घातला
आणि तळहाताच्या कडेनं मातीत रेघ ओढली,
आडवी, बरोब्बर मधोमध.
रेघेवरचं रोप उपटून अलीकडे लावलं.
पलीकडची तीनही अलीकडे आली.
जरा दाटी झाली.

एदुविजेस उभीच.
“इथे कुदळ चालत नाही,” तो म्हणाला, “चमचा लागतो.”
तिनं एप्रनच्या खिशातून मूठ काढली, उघडली:
तुरीचे दाणे, खिशातला कचरा चिकटलेले.
“तूर? डोक्याएवढी वाढेल. माझ्या भाजीवर सावली पडेल.”
“पडू दे.”
“पडू दे तर पडू दे.”

मी टेप पुन्हा काढली.
अर्धा बाथटब, पाऊण मीटरही नाही.
पुढच्या वर्षाचं पान उघडून दोघांची नावं घातली,
तर लगेच वाद:
बूच जिच्या बाजूला, तिचं शेत तेवढ्यानं लहान,
आणि हे काही त्याला मान्य नाही.
उन्हं कलली, अकॉर्डियनवाला जेवायला गेला,
यांचं चाललंच होतं.

शेवटी मीच वहीत नोंद केली,
जशी विहिरीची करतात:
बूच सामाईक.